धुराडे दिसते, ताळेबंद दिसत नाही

ऑक्टोबर 2005 मध्ये बेळगावची श्री रेणुका शुगर्स ही कंपनी शेअर बाजारात उतरली. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर 285 रुपयांना विकला गेला. नोंदणीकृत कार्यालय तेव्हा बेळगावच्या कॅम्पात, पहिला कारखाना सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीला, आणि चालवणारे मुरकुंबी घराणेही बेळगावचेच. सीमाभागातल्या माणसाला साखर कारखान्याचे अप्रूप नव्हते. संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ असे सहकारी कारखाने त्याच्या शिवाराला लागूनच होते आणि त्यांपैकी एखाद्याचा तो सभासदही असे. सभासदाचा ऊस कारखान्याला जातो, वार्षिक सभेत त्याला उठून बोलता येते, सणाला सवलतीची साखर घरी येते. मात्र त्याच्या भागाला रोज सकाळी बाजार उघडल्यापासून बदलणारा भाव नसतो. रेणुकाच्या शेअरला तो होता.

या प्रकरणात त्या एका शेअरची वीस वर्षे पाहायची आहेत. कंपनी चांगली की वाईट, तिचे चालक चुकले की दैवाने मारले, हा निवाडा आपल्याला करायचा नाही. एकाच कंपनीत पैसा घातला की धोका कोणत्या दिशेने येतो, आणि तो आल्यावर माणसाचे मन कसे वागते, एवढेच समजून घ्यायचे आहे. त्यासाठी इतके जवळचे आणि इतके चढउतार पाहिलेले उदाहरण क्वचितच मिळते.

मुनवळ्ळी ते साओ पाउलो

कंपनीची सुरुवात कोणालाही आवडावी अशी आहे. नरेंद्र मुरकुंबी अहमदाबादच्या आयआयएममधून शिकून आले आणि आई विद्या मुरकुंबी यांच्यासह त्यांनी आधी जैविक कीडनाशकांचा व्यवसाय केला. 1998 मध्ये दोघे साखरेत उतरले. नवा कारखाना उभारण्याइतके भांडवल नव्हते. तेव्हा आंध्र सरकारच्या निजाम शुगर्सचा हिंदुपूर येथील बंद कारखाना त्यांनी विकत घेतला आणि त्याची यंत्रसामग्री उचलून मुनवळ्ळीला आणली. ऊस देणाऱ्या शेतकऱ्यांनाही भागधारक करून घेतले. पुढे अथणी आणि कलबुर्गी जिल्ह्यातील हवळगा येथे कारखाने झाले. अडचणीतले सहकारी कारखाने भाड्याने चालवायला घेतले गेले. रायबागचा आणि इचलकरंजीजवळचा पंचगंगा त्यांतलेच. पश्चिम बंगालमध्ये हल्दिया बंदराशी शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, म्हणजे परदेशातून कच्ची साखर आणायची, शुद्ध करायची आणि विकायची. ऊस कमी पडला तरी धंदा चालू राहावा, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो हुशारीचा होता.

मग आले ब्राझील. 2009 च्या अखेरीस पराना राज्यातील वाले दो इवाई ही कंपनी आणि 2010 मध्ये साओ पाउलो राज्यातील इक्विपाव्हमधील बहुसंख्य हिस्सा रेणुकाने घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या साखर उत्पादक देशात बेळगावच्या कंपनीचे कारखाने! 2010 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला 30 सेंटच्या घरात, जवळपास तीन दशकांतल्या उच्चांकावर होता. शेअरची त्या काळातली किंमत, नंतरचा बोनस जमेस धरून, शंभरीच्या पुढे गेली.

हे आकडे ताडून पाहायचे तर थोडी उजळणी लागते. मधल्या काळात शेअरची दर्शनी किंमत दहाची एक रुपया झाली, म्हणजे एका शेअरचे दहा झाले. 2010 मध्ये एकास एक बोनस मिळाला, दहाचे वीस झाले. 285 ला वीसने भागले की सव्वाचौदा रुपये येतात. 2005 मध्ये शेअर मिळालेल्याची खरी खरेदी सव्वाचौदाची होती. शंभरी ओलांडली तेव्हा त्याचे पैसे चार-पाच वर्षांत सात पटींहून अधिक झाले होते.

यापुढची पाच वर्षे उलटी गेली. साखरेचा भाव 2011 च्या सुरुवातीला आणखी चढला आणि नंतर घसरत 2015 मध्ये 11 सेंटच्याही खाली आला. ब्राझीलमध्ये पावसाने दगा दिला, शेतातला ऊस जुना झालेला होता आणि तिथल्या सरकारने पेट्रोलचे दर दाबून धरल्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या इथेनॉललाही भाव मिळेना. 2010 मध्ये एका डॉलरला पावणेदोनच्या आसपास मिळणारे ब्राझीलचे रिआल हे चलन 2015 मध्ये चारपर्यंत घसरले. ज्यांच्यावर डॉलरमधले कर्ज होते, त्यांचा बोजा एकही नवा डॉलर न घेता दुपटीच्या वर गेला. 2015 च्या उत्तरार्धात रेणुकाच्या ब्राझीलमधील उपकंपन्यांनी तिथल्या न्यायालयाकडे दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. 2014 मध्ये सिंगापूरच्या विल्मार कंपनीने सुमारे 20 रुपये दराने 27.5 टक्के हिस्सा घेतला होता. 2018 मध्ये कर्जाची पुनर्रचना होऊन कंपनीची सूत्रे विल्मारकडे गेली आणि मुरकुंबी बाजूला झाले. मार्च 2020 च्या कोविड पडझडीत शेअर एकेरी आकड्यात होता.

आता त्या काळात बेळगावात किंवा अथणीत बसलेल्या भागधारकाला काय दिसत होते, ते पाहा. गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यातून धूर निघत होता. उसाच्या गाड्या रस्त्यावर होत्या. ओळखीचा कोणीतरी कारखान्यात चिटणीस, फिटर किंवा ऊस विकास अधिकारी होता आणि तो सांगत होता की गाळप जोरात आहे. ते खरेही होते. पण शेअरचे भवितव्य ठरत होते रिआलच्या दराने, साओ पाउलोतल्या पावसाने आणि कर्जाच्या अटींनी. यातले काहीही फाटकाबाहेरून दिसत नव्हते. फाटकाच्या आत काम करणाऱ्यालाही ते दिसत नव्हते. दिसत होते ते कंपनीच्या वार्षिक अहवालात, कर्जाच्या आणि उपकंपन्यांच्या पानांवर, आणि तो अहवाल अथणीच्या माणसाला जितका खुला होता तितकाच अहमदाबादच्या माणसालाही.

कारखान्याजवळ राहण्याने शेअरबाबत जास्तीचे काही कळत नाही. फक्त जास्त कळते असे वाटते. एका कंपनीत पैसे घालण्याचा पहिला धोका या वाटण्यात आहे.

निपाणीत याच समजाचा दुसरा नमुना आढळतो. "तंबाखू आपल्याला कळते, मग आयटीसी घ्यायला काय हरकत?" निपाणीची तंबाखू बिडीची. सिगारेटला लागते ती उष्ण हवेच्या भट्टीत वाळवलेली व्हर्जिनिया तंबाखू. ती आंध्रात आणि म्हैसूरच्या बाजूला पिकते. शिवाय सिगारेट कंपनीचा नफा पानाच्या प्रतीपेक्षा कराच्या दरावर जास्त हलतो. चार पिढ्यांचे तंबाखूचे ज्ञान खरेच असते. त्याचा या शेअरशी संबंध मात्र फार थोडा.

एकच पैज दोनदा

समजा, अथणीजवळचा एक ऊस उत्पादक आहे. त्याचे वर्षाचे उत्पन्न उसावर. ऊसबिल थकले की सोसायटीचे पीककर्ज थकते. मुलगा ऊसतोडीची वाहतूक करतो. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. घरासमोरची जमीन चार पैसे देते ती पाणी आणि कारखाना जवळ आहे म्हणून. या माणसाने शिलकीतले पन्नास हजार साखर कंपनीच्या शेअरमध्ये घातले, तर त्याने नवे काय केले? साखरेचा भाव पडला की कारखाना बिल थकवणार, वाहतुकीचे पैसे अडकणार आणि त्याच आठवड्यात शेअरही आपटणार. ज्या वर्षी बचतीला हात घालायची वेळ येते, नेमकी त्याच वर्षी बचत निम्मी झालेली असते. त्याला वाटते आपण शेतीबाहेर गुंतवणूक केली. प्रत्यक्षात त्याने तीच पैज दोनदा लावली.

पगारदारालाही हे लागू आहे. अमेरिकेतील एन्रॉन कंपनी महाराष्ट्राला दाभोळमुळे ठाऊक आहे. तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यातली निम्म्याहून अधिक रक्कम खुद्द एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरच्या आसपास असलेला शेअर डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले तेव्हा एका डॉलरच्याही खाली होता. हजारो माणसांची नोकरी आणि म्हातारपणाची तरतूद एकाच वेळी गेली. ही माणसे आपल्या कंपनीबद्दल अज्ञानी नव्हती. रोज तिच्या कचेरीत बसत होती आणि म्हणूनच त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

एकाच कंपनीचा शेअर आणि पूर्ण बाजार यांच्या धोक्यातला फरक येथे स्पष्ट होतो. मंदी आली की सगळेच शेअर पडतात. त्या पडझडीतून पूर्ण बाजार आजवर उशिरा का होईना वर आला आहे. एखादी कंपनी मात्र तिच्या एकटीच्या कारणाने पडू शकते: एक फसलेली खरेदी, एक कर्ज, एक सरकारी आदेश, एक घोटाळा. आणि तिने पुन्हा वर आलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. हा एकटीचा धोका पन्नास कंपन्यांत पैसे वाटले की जवळपास नाहीसा होतो. जो धोका फुकटात टाळता येतो, तो पत्करल्याबद्दल बाजार जास्तीचा मोबदला देत नाही.

वखारीतला माल आणि डिमॅटमधला शेअर

आता मनाकडे वळू. 2005 ते 2025 या काळात रेणुकाचा शेअर चार वेगवेगळ्या भावांना घेणारी चार माणसे कल्पनेत उभी करा. पहिल्याने प्रारंभिक विक्रीत घेतला, सव्वाचौदाला. दुसऱ्याने 2010 मध्ये शंभरला. तिसऱ्याने 2014 मध्ये विसाला, परदेशी कंपनी त्याच भावाने घेते आहे हे पाहून. चौथ्याने 2020 च्या पडझडीत पाचाला. कंपनी एकच, शेअर एकच. 2016 मध्ये भाव पंधराच्या आसपास होता, असे धरू. तेव्हा पहिला म्हणतो, "मुद्दल तर सुरक्षित आहे." दुसरा त्या कंपनीचे नावही घरात काढू देत नाही. तिसरा म्हणतो, "वीस आले की मोकळा होतो." चौथा अजून यायचा आहे. तिघांपुढे प्रश्न खरे तर एकच असायला हवा: आज हातात पंधरा रुपये रोख असते, तर त्यांचा हाच शेअर घेतला असता का? पण तिघेही आपल्या खरेदीच्या भावाशी बोलत असतात. तो भाव कंपनीला माहीत नसतो, बाजाराला माहीत नसतो. तो फक्त आपल्या डोक्यात असतो.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला कितीतरी जास्त होते. त्यानंतरच्या मोजमापांत हे प्रमाण दुपटीच्या आसपास आले. त्यातून एक चमत्कारिक सवय जन्मते. वर गेलेला शेअर आपण लगेच विकतो, कारण नफा खिशात पडला की आपण शहाणे ठरतो. पडलेला शेअर ठेवून देतो, कारण विकला की चूक कायमची नोंदली जाते. टेरन्स ओडीन या अभ्यासकाने अमेरिकेतील एका दलाली संस्थेची दहा हजार खाती तपासून 1998 मध्ये हेच मांडले. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षात त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी 3.4 टक्क्यांनी चांगले वागले होते.

निपाणीच्या व्यापाऱ्याला हा मोह कमी का होतो? वखारीत तंबाखू भरून ठेवलेला माणूसही तेजीची वाट पाहतो, तोही भाव पडला की कासावीस होतो. 1981 च्या निपाणीच्या शेतकरी आंदोलनाने तर तंबाखूच्या भावावर माणसे काय पणाला लावतात ते साऱ्या देशाला दाखवले. पण माल त्याला स्वस्थ बसू देत नाही. पान कोरडे पडते, त्याला किडीची भीती असते, वखारीचे भाडे चढते, उचलीचे व्याज चढते. दर महिन्याला त्याला नव्याने ठरवावे लागते की धरायचा की सोडायचा. डिमॅट खात्यातल्या शेअरला वास येत नाही, वजन घटत नाही. दहा वर्षे काहीही न ठरवता तो पडून राहू शकतो, आणि काहीच न ठरवण्याला आपण "लाँग टर्म" असे भारदस्त नाव देतो. दीर्घ मुदतीची गुंतवणूक ही मोठी चांगली गोष्ट आहे. पण ती खरेदीच्या वेळी ठरवलेली असावी लागते. भाव निम्म्यावर आल्यानंतर सुचलेली दीर्घ मुदत ही बहुधा स्वतःची घातलेली समजूत असते.

या समजुतीची सख्खी बहीण म्हणजे "ॲव्हरेज करणे". आपल्या दुसऱ्या माणसाने 2010 मध्ये शंभरला 100 शेअर घेतले, म्हणजे 10,000 रुपये. पन्नासला आणखी 100 घेतले, 5,000 रुपये. विसाला आणखी 100, 2,000 रुपये. एकूण 17,000 रुपये, 300 शेअर आणि सरासरी सुमारे 57 रुपये. शंभरच्या जागी सत्तावन्न दिसू लागले की छाती हलकी होते. पण पाच रुपयाला त्याच्या हाती 1,500 रुपये उरले. पहिल्या खरेदीवर थांबला असता तर तोटा 9,500 झाला असता. आता तो 15,500 झाला. सरासरी खाली आली आणि तोटा वर गेला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025 वर आणले. साखर कंपन्यांचे दिवस पालटले आणि 2022 मध्ये रेणुकाचा शेअर साठीच्या पुढे गेला. साठ रुपये धरले तर आपल्या माणसाचे 18,000 झाले. बारा वर्षांनी 1,000 रुपये नफा! तो चौकात ताठ मानेने म्हणेल, "बघ, धरून ठेवला म्हणून वाचलो." एवढ्याच काळासाठी तेच पैसे बँकेच्या सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर दुप्पट झाले असते, हे तो मोजणार नाही. त्याहून महत्त्वाचे असे की त्याने 2010 मध्ये शेअर घेतला तो ब्राझीलसाठी, आणि वाचला तो दिल्लीच्या एका धोरणामुळे. डिसेंबर 2023 मध्ये त्याच दिल्लीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि साखर शेअर एका दिवसात कोसळले. नशिबाने सुटलेल्या माणसाला आपण हुशारीने सुटलो असे वाटले, तर पुढच्या वेळी तो दुप्पट रक्कम लावतो. तोट्यापेक्षा असा नफा जास्त महाग पडतो.

2025 मध्ये शेअर पुन्हा तिशीच्या घरात होता. प्रारंभिक विक्रीत घेणाऱ्या, म्हणजे सगळ्यांत भाग्यवान वाटणाऱ्या पहिल्या माणसाचे पैसे, मधला थोडाबहुत लाभांश सोडला, तर वीस वर्षांत साधारण दुप्पट झाले. सात टक्के व्याजाने ते जवळपास चौपट झाले असते. त्याच वीस वर्षांत सेन्सेक्स सुमारे 8,000 वरून 80,000 च्या पुढे गेला.

भाव जुन्या शिखरावर का परतला नाही, याचे एक साधे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 2010 मध्ये कंपनीचे सुमारे 67 कोटी शेअर होते. बुडती कंपनी सावरण्यासाठी नवे भांडवल आले, त्याबदल्यात नवे शेअर निघाले, आणि ती संख्या सुमारे 213 कोटींवर गेली. जुन्या भागधारकाच्या हातातला शेअर तोच, पण कंपनीतला त्याचा वाटा पूर्वीच्या एक तृतीयांशाहून कमी. कंपनी सावरणे आणि तिचा जुना भागधारक सावरणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

काही वेळा तर विकण्याचा मार्गही बंद होतो. 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास असलेल्या येस बँकेवर 5 मार्च 2020 रोजी निर्बंध आले. पुनर्रचनेच्या आराखड्यानुसार 100 हून अधिक शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत 2021 साली भागधारकांच्या हाती शून्य आले. शेअर बाजारातून काढून टाकले गेले.

अमळनेर सांगतात, हरिहर सांगत नाहीत

शेअरचा विषय निघाला की कोणीतरी अमळनेरची गोष्ट सांगतोच. 1945 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. गावातल्या लोकांनी शेअर घेतले. तुपाची कंपनी पुढे संगणकाकडे वळली, तिची विप्रो झाली, आणि ज्या घरांनी शेअर जपले ती श्रीमंत झाली. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखी आहे.

हरिहरची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी उभी केली. त्या उद्योगसमूहाने 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रे बनवणारी कंपनी काढली. तिची लेथ यंत्रे देशभरातल्या कारखान्यांत होती. नाव मोठे, माल चोख, परंपरा निर्मळ. तरीही स्पर्धेत ती टिकली नाही आणि या शतकाच्या आरंभी बंद पडली. तिचे शेअर ज्यांनी अमळनेरकरांइतक्याच निष्ठेने जपले, त्यांच्या हाती काय उरले? त्यांची निष्ठा कमी नव्हती. कंपनी वेगळी निघाली, एवढेच.

बुडालेल्या शेअरची गोष्ट लग्नात, पारावर कोणी काढत नाही. त्यामुळे आपल्या कानावर येतात त्या सगळ्या अमळनेरच्याच. अमेरिकेतील हेंड्रिक बेसेमबाइंडर या प्राध्यापकांनी 1926 ते 2016 या काळातल्या तिथल्या सगळ्या शेअरचा हिशेब मांडला. निम्म्याहून अधिक शेअरनी त्यांच्या आयुष्यात सरकारी अल्पमुदती रोख्याइतकाही परतावा दिला नव्हता. बाजाराने निर्माण केलेली सगळी जादा संपत्ती सुमारे चार टक्के कंपन्यांतून आली होती. पूर्ण बाजार चांगला परतावा देतो तो या मूठभरांमुळे. जो पूर्ण बाजार घेतो त्याला ते मूठभर आपोआप मिळतात. जो एकच कंपनी निवडतो त्याची गाठ त्यांच्याशी पडण्याची शक्यता कमी आणि उरलेल्यांशी पडण्याची जास्त.

घ्यायचाच असेल तर

हे सगळे वाचूनही माणूस एखाद्या कंपनीचा शेअर घेणार. घ्यावाही. उद्योग समजून घेण्याची ती चांगली शाळा आहे. फक्त फी किती भरायची ते आधी ठरलेले असावे.

पहिली मर्यादा रकमेची. एका कंपनीत एवढेच घालावे, की ते शून्य झाले तरी घरातला एकही बेत मोडू नये. बचतीचे पाच टक्के गेले तर हळहळ वाटते. पन्नास टक्के गेले तर मुलीचे शिक्षण थांबते. आणि नव्वद टक्के पडलेला शेअर मूळ पदावर यायला दहापट व्हावा लागतो. म्हणून बाकीची रक्कम निर्देशांक फंडासारख्या, पन्नास-शंभर कंपन्या एकदम देणाऱ्या साधनात ठेवलेली बरी.

दुसरी मर्यादा दिशेची. ज्या धंद्यावर घर चालते त्या धंद्याचा शेअर नको. ऊसवाल्याने साखर टाळावी, फौंड्रीत काम करणाऱ्याने आपलीच गिऱ्हाईक असलेली वाहन कंपनी टाळावी, बँकेतल्याने आपली बँक टाळावी. मन नेमके उलटे सांगेल, कारण तिथेच आपल्याला सर्वांत जास्त कळते असे वाटते.

तिसरी मर्यादा कागदाची. शेअर घेण्याआधी वहीत दोन वाक्ये लिहावीत: हा का घेतो आहे, आणि काय घडले तर विकणार. "भाव पडला तर" हे कारण चालणार नाही. "कर्ज नफ्यापेक्षा वेगाने वाढले तर", "हा धंदा सोडून कंपनी भलतीकडे गेली तर" अशी कारणे हवीत. रेणुकाच्या बाबतीत "साखरेतली कार्यक्षम भारतीय कंपनी" असे 2005 मध्ये लिहून ठेवणाऱ्याला 2010 मध्ये वही उघडून थांबावे लागले असते, कारण त्याने घेतलेली कंपनी आता वेगळी झाली होती. विकायचे की नाही हे त्याने काहीही ठरवले असते, पण ठरवले असते.

या तीन मर्यादा तपासून पाहायला ताजे उदाहरण हाताशी आहे. हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीत महामार्गालगत विमानांचे सुटे भाग बनवणारी एकस ही कंपनी उभी आहे. एअरबस आणि बोइंगसारखी गिऱ्हाइके, हजारो स्थानिक हातांना काम. डिसेंबर 2025 मध्ये तिचे शेअर 124 रुपये दराने विक्रीला आले. बेळगावच्या माणसाला अभिमान वाटावा असेच हे आहे, आणि तो वाटण्यासाठी शेअर घ्यावा लागत नाही. शेअर घ्यायचा तर प्रश्न वेगळे आहेत. कंपनी विक्रीच्या वेळी तोट्यात होती. नफ्यात कधी आणि कशी येणार? उत्पन्नाचा किती भाग दोन-तीन गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे? विमान कंपन्यांची मागणी घटली तर काय? डॉलरचा दर फिरला तर? यातल्या प्रत्येकाचे उत्तर शोधायची जागा हत्तरगीचे फाटक नाही. विक्रीचे माहितीपत्रक आणि दर तिमाहीचे निकाल बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते वाचायला चार संध्याकाळी लागतील आणि कंटाळा येईल. ज्याला तो कंटाळा सोसवत नाही, त्याने कंपनीच्या गाड्या रस्त्याने जाताना पाहून आनंद मानावा आणि पैसे निर्देशांक फंडात घालावेत. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. ओळखीवर, काहीही न वाचता शेअर घेणे, हा तिसरा मार्ग तेवढा टाळावा.